युद्धकलांच्या सराव-लढतीतील संरक्षक साधने आणि आघातशोषण : एक चिकित्सक समीक्षा

प्रस्तावना

कराटे, तायक्वांदो, बॉक्सिंग, किकबॉक्सिंग यांसारख्या युद्धकला आज महाविद्यालयीन क्रीडाजीवनाचा भाग झाल्या आहेत. आंतरविद्यापीठ स्पर्धांमध्ये त्यांना स्थान आहे आणि विद्यार्थिनींच्या स्वसंरक्षण प्रशिक्षणातही त्यांचा समावेश केला जातो. या कलांच्या शिक्षणात स्पारिंग म्हणजे सराव-लढत अपरिहार्य असते. प्रत्यक्ष प्रतिस्पर्ध्यासमोर उभे राहिल्याखेरीज अंतर, वेळ आणि धैर्य यांचे शिक्षण पूर्ण होत नाही. परंतु याच टप्प्यावर एका विद्यार्थ्याचा हात किंवा पाय दुसऱ्या विद्यार्थ्याच्या शरीरावर वेगाने आदळतो. हा धोका पत्करण्याजोगा व्हावा म्हणून हेडगार्ड, हातमोजे, छातीचे कवच, शिन गार्ड, ग्रॉइन गार्ड, माउथगार्ड इत्यादी साधने वापरली जातात.

या साधनांविषयी सर्वसाधारण समजूत अशी की, ती आघात ‘शोषून घेतात’. साधन जाड असेल तर संरक्षण अधिक आणि सर्व साधने घातली असतील तर लढत सुरक्षित, असे गृहीत धरले जाते. हे गृहीतक कितपत टिकते, याची चिकित्सा प्रस्तुत लेखात पदार्थविज्ञान, चाचणी-मानके आणि क्रीडानियमांचा इतिहास या तीन अंगांनी केली आहे. साधने निरुपयोगी आहेत असे प्रतिपादन येथे नाही. कोणते साधन कोणत्या इजेला अडवते आणि कोणती इजा त्याच्या आवाक्याबाहेर राहते, हा भेद स्पष्ट करणे हा या समीक्षेचा हेतू आहे.

‘शोषण’ या शब्दाची फोड

‘आघातशोषण’ या एकाच शब्दात तीन वेगळ्या क्रिया मिसळलेल्या असतात. पहिली क्रिया बलाचे विभाजन करण्याची. ग्रॉइन गार्डचे कठीण कवच स्वतः फारसे दबत नाही. ते नाजूक जागेवरचे बल सभोवतालच्या हाडांकडे वळवते. दुसरी क्रिया आघाताचा कालावधी वाढवण्याची. मऊ फोम दबत असताना आदळणारी वस्तू अधिक अंतरात थांबते, त्यामुळे कमाल बल कमी होते. तिसरी क्रिया ऊर्जेचा व्यय करण्याची. काही फोम दबल्यावर स्प्रिंगसारखे उसळून येतात, तर काही मंदपणे पूर्ववत होतात आणि मिळालेल्या ऊर्जेचा काही भाग उष्णतेच्या रूपाने घालवतात. काटेकोर अर्थाने ‘शोषण’ हे नाव या तिसऱ्या क्रियेलाच शोभते.

दुसऱ्या क्रियेची मर्यादा साध्या गणिताने दिसते. एखादी वस्तू सेकंदाला ४ मीटर वेगाने आदळली आणि १ सेंटिमीटर अंतरात समान गतीने मंदावत थांबली, तर तिचे मंदन गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे ८२ पट होते. थांबण्याचे अंतर २ सेंटिमीटर असेल तर ते सुमारे ४१ पटीवर येते. येथपर्यंत जाड फोमचा युक्तिवाद बरोबर आहे. परंतु वेग दुप्पट म्हणजे सेकंदाला ८ मीटर झाला, तर त्याच २ सेंटिमीटरमध्ये मंदन सुमारे १६३ पट होते. वेग दुप्पट झाला की तेवढेच संरक्षण मिळवण्यासाठी अंतर चौपट लागते, आणि डोक्याभोवती ८ सेंटिमीटर जाडीची गादी बांधून कोणी लढू शकत नाही. शिवाय कोणताही फोम पूर्ण जाडीइतका दबत नाही. एका मर्यादेनंतर त्यातील पोकळ्या मिटतात, तो घट्ट होतो आणि उरलेले बल जवळजवळ जसेच्या तसे पलीकडे पोहोचवतो. म्हणजे हलक्या ठोशाला उत्तम वाटणारे साधन जोरदार लाथेला अचानक अपुरे पडते. सरावात साधनाविषयी निर्माण होणारा विश्वास बहुधा हलक्या आघातांवर आधारलेला असतो, हे येथे ध्यानात घ्यावे लागते.

तिसऱ्या क्रियेचे महत्त्व दुसऱ्या एका उदाहरणाने कळते. ठोशामागील परिणामी वस्तुमान ३ किलो, त्याचा वेग सेकंदाला ८ मीटर आणि डोक्याचे वस्तुमान ५ किलो धरू. टक्कर पूर्णपणे स्थितिस्थापक असेल तर डोक्याला सेकंदाला ६ मीटर वेग मिळेल. टक्कर पूर्णपणे अस्थितिस्थापक असेल तर तो ३ मीटरवर येईल. प्रत्यक्षातील टक्कर या दोन टोकांच्या मध्ये कुठेतरी असते. परंतु निष्कर्ष स्पष्ट आहे: उत्तम फोमही डोक्याला मिळणारा वेग शून्यावर आणू शकत नाही. तो वेग किती काळात मिळतो, एवढेच प्रामुख्याने साधनाच्या हाती असते. भिंतीला टेकलेल्या वस्तूचे संरक्षण आणि मानेवर मोकळ्या असलेल्या डोक्याचे संरक्षण हे दोन भिन्न प्रश्न आहेत.

कवटी आणि मेंदू

हा भेद डोक्याच्या बाबतीत निर्णायक ठरतो. भुवईवरील जखम, नाकाचे हाड मोडणे, कानाला मार लागणे, दात पडणे या इजा स्थानिक बलामुळे होतात आणि बल पसरवणारे किंवा मऊ करणारे साधन त्यांना बऱ्याच अंशी अडवते. मेंदूचा हादरा मात्र डोक्याला मिळालेल्या गतीमुळे होतो. ऑक्सफर्ड येथील होलबोर्न यांनी १९४३ साली जिलेटिनच्या प्रतिकृतींच्या साहाय्याने असे प्रतिपादन केले की, मेंदूच्या ऊतींना ताण देण्यात डोक्याच्या सरळ रेषेतील गतीपेक्षा त्याच्या झटक्याने फिरण्याचा वाटा मोठा असतो. हनुवटीवर बाजूने बसलेला हुक ठोसा किंवा कानशिलावर बसलेली वळती लाथ डोक्याला नेमके असे फिरवते. शिवाय हनुवटी हेडगार्डच्या बहुतेक रचनांमध्ये उघडीच असते. हेडगार्डमुळे डोक्याचा घेर वाढतो. बाजूने लागलेल्या ठोशाला त्यामुळे थोडा अधिक लांबीचा तरफदांडा मिळू शकतो.

तथापि प्रयोगशाळेतील पुरावा हेडगार्डच्या विरोधात आहे असे म्हणणे अन्यायाचे होईल. मॅकिन्टॉश आणि पॅटन यांनी २०१५ साली प्रसिद्ध केलेल्या ठोसायंत्रावरील चाचण्यांत, सेकंदाला ८.३४ मीटर वेगाच्या आघातात उघड्या कृत्रिम डोक्याचे कमाल त्वरण गुरुत्वीय त्वरणाच्या सुमारे १३० पट होते. मान्यताप्राप्त हेडगार्ड घातल्यावर ते सुमारे ८५ पटीवर आले. कोनीय त्वरणही जवळपास निम्म्याने घटले. ही घट मोठी आहे. परंतु ८५ पट त्वरण म्हणजे सुरक्षितता, असा अर्थ त्यातून निघत नाही. दुसऱ्या बाजूला फाइफ, ओ’सलिव्हन आणि पीटर यांनी २०१३ साली बॉक्सिंगचे ठोसे आणि तायक्वांदोच्या लाथा यांची तुलना केली, तेव्हा वळत्या लाथेमुळे डोक्याला मिळणारे त्वरण ठोशांपेक्षा अधिक आढळले. ठोशाच्या संदर्भात समाधानकारक वाटणारे साधन लाथेच्या संदर्भात त्याच शब्दांत प्रमाणित करता येत नाही.

चाचणी-मानकांची चिकित्सा

युद्धकलांच्या साधनांसाठी स्वतंत्र मानके उपलब्ध आहेत. युरोपातील ईएन १३२७७ ही मानकमालिका धड, डोके, नडगी, हात-पाय इत्यादींच्या साधनांचा भागवार विचार करते. अमेरिकेतील एएसटीएम एफ २३९७ हे मानक युद्धकलांच्या हेडगार्डसाठी आहे. मानकांमुळे निकृष्ट माल ओळखता येतो, ही त्यांची उपयुक्तता निर्विवाद आहे. प्रश्न त्यांच्या भाषेचा आणि व्याप्तीचा आहे.

पहिला आक्षेप असा की, डोक्याच्या इजेचे मोजमाप ज्या परंपरेतून आले, ती परंपरा मुळात कवटीच्या अस्थिभंगाची होती. वेन स्टेट विद्यापीठातील सहनमर्यादेचा प्रसिद्ध आलेख आणि त्यावरून पुढे आलेले निर्देशांक यांचा आधार मुख्यतः सरळ रेषेतील त्वरण हा होता. आलेखाचा अल्पकालीन भाग तर मृतदेहांच्या कवटीला तडा जाण्याच्या निरीक्षणांवर उभा होता. या मोजपट्टीने उत्तीर्ण झालेले साधन कवटी सांभाळते, असे म्हणता येते. मेंदू सांभाळते, असे म्हणण्यासाठी वेगळी मोजपट्टी लागते.

दुसरा आक्षेप चाचणीच्या परिस्थितीचा आहे. चाचणी नव्या साधनावर, ठरावीक जागी आणि ठरावीक दिशेने होते. महाविद्यालयाच्या जिमखान्यातील हेडगार्ड मात्र अनेक वर्षे, अनेक डोक्यांवर, घामाने भिजून वापरला जातो आणि उन्हाळ्यात पत्र्याच्या खोलीत पडून राहतो. वारंवार दबलेल्या फोमची जाडी कायमची घटते. उष्णता आणि ओलावा यांनी त्याची लवचीकता बदलते. बाहेरचे आवरण शाबूत असल्यामुळे आतला ऱ्हास दिसत नाही. तसेच मापात न बसणारा हेडगार्ड आघाताच्या क्षणी सरकतो, डोळ्यांवर येतो आणि पुढचा ठोसा दिसू देत नाही. उत्पादनावरील मानकाचा शिक्का यांपैकी कशाचीही हमी देत नाही.

संरक्षणाने बदललेला खेळ

साधनाची परिणामकारकता केवळ साधनावर अवलंबून नसते, ती ते घालणाऱ्याच्या आणि समोरच्याच्या वर्तनावरही अवलंबून असते. याची साक्ष इतिहासात वारंवार मिळते. अठराव्या शतकाच्या मध्यात इंग्लंडमध्ये जॅक ब्रॉटन याने सरावासाठी मऊ हातमोजे वापरात आणले आणि १८६७ च्या क्वीन्सबेरी नियमांनी हातमोजे लढतीचा भाग झाले. हातमोज्याने चेहऱ्यावरच्या जखमा कमी केल्या. परंतु त्याने ठोसा मारणाऱ्याच्या बोटांची हाडेही सुरक्षित केली. उघड्या मुठीने कवटीवर पूर्ण ताकदीने मारणे मारणाऱ्यालाच महाग पडे. ती नैसर्गिक आडकाठी दूर झाली. हॅरिसन मार्टलँड यांनी १९२८ साली मुष्टियोद्ध्यांच्या मेंदूतील बिघाडाचे जे वैद्यकीय वर्णन केले, ते हातमोज्यांच्या युगातील खेळाडूंचे होते, हे विसरता येत नाही.

हाच क्रम कराटेत पुन्हा दिसतो. १९७० च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेत जून री यांनी हात आणि पाय यांसाठी फोमची साधने प्रचारात आणली. त्यांचा हेतू सराव-लढतीतील इजा कमी करण्याचा होता. परंतु १९७४ साली लॉस एंजेलिस येथे झालेल्या पूर्ण संपर्काच्या कराटे स्पर्धेत याच प्रकारची साधने घालून खेळाडू उतरले. ज्या खेळात ठोसा शरीराच्या जवळ नेऊन थांबवणे हे कौशल्य होते, तेथे तो पूर्ण ताकदीने मारण्यास साधनामुळे मान्यता मिळाली.

बॉक्सिंगमधील हेडगार्डचा प्रवास तर अधिक बोलका आहे. १९८४ च्या लॉस एंजेलिस ऑलिम्पिकमध्ये हेडगार्ड अनिवार्य होता. २०१३ साली तत्कालीन आंतरराष्ट्रीय संघटनेने वरिष्ठ पुरुष खेळाडूंसाठी तो काढून टाकला आणि २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये पुरुष हेडगार्डशिवाय, तर महिला हेडगार्डसह लढल्या. या बदलाच्या समर्थनार्थ संघटनेशी संबंधित अभ्यासकांनी अशी निरीक्षणे मांडली की, हेडगार्ड नसताना डोक्यावरील आघातामुळे थांबवाव्या लागलेल्या लढतींचे प्रमाण कमी झाले, मात्र चेहऱ्यावरील जखमा वाढल्या. या निरीक्षणांकडे सावधपणे पाहणे आवश्यक आहे. लढत थांबवणे हा पंचांचा निर्णय असतो आणि तो मेंदूच्या हादऱ्याचे वैद्यकीय निदान नव्हे. याच सुमारास गुणदानाची पद्धतही बदलली होती, त्यामुळे कोणता परिणाम कशाचा हे वेगळे करणे कठीण आहे. आणि एकाच खेळात, एकाच मंचावर पुरुषांसाठी हेडगार्ड धोक्याचा आणि महिलांसाठी आवश्यक ठरवणारा नियम निव्वळ विज्ञानातून आला, असे मानणे अवघड आहे. तरीही प्रयोगशाळेत ठळक दिसणारा लाभ रिंगणात तितकाच ठळक का दिसत नाही, हा प्रश्न या वादाने कायमचा उभा केला. बाजूची दृष्टी अडणे, लक्ष्य मोठे होणे, बचाव सैल होणे आणि मारणाऱ्याची भीड चेपणे ही त्याची संभाव्य उत्तरे आहेत. यंत्र हेडगार्ड पाहून जोर वाढवत नाही, माणूस वाढवतो.

तायक्वांदोमध्ये साधनाला एक वेगळेच काम मिळाले. २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये धडाच्या कवचात आघातमापक संवेदक आले आणि २०१६ मध्ये हेडगार्डही इलेक्ट्रॉनिक झाला. पंचांच्या पक्षपाताच्या तक्रारींवर हा उपाय होता आणि त्या दृष्टीने तो स्वागतार्हही होता. परंतु आघात कमी करणे आणि आघाताची नोंद करून त्याला गुण देणे ही दोन कामे एकाच वस्तूकडे सोपवली गेली. धडापेक्षा डोक्यावरील लाथेला अधिक गुण देणारी नियमावली खेळाडूला नेमक्या त्या अवयवाकडे वळवते, ज्याचे संरक्षण करण्यात साधन सर्वांत दुबळे आहे.

साधनाऐवजी शस्त्र मऊ करण्याची परंपरा

या प्रश्नाचे आणखी एक उत्तर जुन्या परंपरांनी दिलेले आहे. जपानी केंदोमध्ये अठराव्या शतकाच्या आरंभी चेहरा, मनगट आणि धड यांसाठी कवचे विकसित झाली. परंतु त्यांच्या जोडीला लाकडी तलवारीऐवजी बांबूच्या चार पट्ट्यांची शिनाई आली. आघात सहन करणाऱ्या शरीराइतकाच आघात करणाऱ्या वस्तूचाही विचार तेथे झाला. महाराष्ट्राच्या आखाड्यांतील फरी-गदका या प्रकारातही हेच तत्त्व आढळते. तलवारीच्या जागी चामड्याने मढवलेला गदका आणि बचावासाठी लहान ढाल म्हणजे फरी, ही रचना सरावासाठीच आहे. फरी अंगाला बांधलेली नसते, ती वेळेवर पुढे आणावी लागते. संरक्षण हे तेथे परिधान करण्याचे वस्त्र नसून आत्मसात करण्याचे कौशल्य आहे, हा त्या रचनेतला शैक्षणिक आशय आधुनिक प्रशिक्षकांनी दुर्लक्षू नये.

नियम हाही संरक्षणाचाच एक थर आहे. टोकियो ऑलिम्पिकमध्ये ७ ऑगस्ट २०२१ रोजी ७५ किलोवरील गटाच्या कराटे अंतिम लढतीत सौदी अरेबियाचा तारेग हमेदी ४-१ असा आघाडीवर असताना त्याच्या डोक्यावरील लाथेने इराणचा सज्जाद गंजझादे बेशुद्ध पडला. पंचांनी हमेदीला अतिरिक्त बलाबद्दल अपात्र ठरवले आणि स्ट्रेचरवरून नेलेल्या गंजझादेला सुवर्णपदक मिळाले. या निर्णयावर पुष्कळ टीका झाली. जेथे डोक्यावर कवच नाही तेथे मारणाऱ्याचा संयम हेच कवच असते आणि नियम त्या संयमाची किंमत ठरवतो, ही भूमिका त्या निर्णयामागे होती. मात्र नियमाने शिक्षा झाली ती आघातानंतर. नियमाचीही मर्यादा याच घटनेत दिसते.

अवयवनिहाय मूल्यमापन

वरील विवेचनाच्या आधारे साधनांचे सरसकट मूल्यमापन टाळून अवयवनिहाय विचार करणे इष्ट ठरते. नडगी, पावलाचा वरचा भाग आणि हाताचा पुढचा भाग येथे संरक्षक साधने चांगले काम करतात. कारण तेथील मुख्य इजा म्हणजे मुका मार आणि ती स्थानिक बलावर अवलंबून असते. ग्रॉइन गार्ड बलाचे विभाजन करून आपले काम चोख बजावतो. माउथगार्ड दात, ओठ आणि जबडा यांसाठी मोलाचा आहे. मेंदूचा हादरा टाळण्यात त्याचा उपयोग आइस हॉकीमध्ये दिसून आला असला, तरी तो पुरावा जसाच्या तसा ठोसा-लाथांच्या खेळांना लावता येत नाही. छातीचे कवच बरगड्यांचा मार कमी करते. परंतु हृदयाच्या ठोक्याच्या विशिष्ट क्षणी छातीवर बसलेल्या आघाताने हृदयाची लय बिघडण्याचा दुर्मीळ धोका कवच घातलेल्या खेळाडूंच्या बाबतीतही इतर खेळांत नोंदला गेला आहे. हेडगार्ड त्वचा, कान आणि कवटी यांचे रक्षण करतो, मेंदूवरील भार काही प्रमाणात घटवतो आणि त्याच वेळी तो भार वारंवार घेण्यास अनुमती देतो. या शेवटच्या वाक्यातील विरोध हाच प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. मुका मार दिसतो आणि दुखतो, म्हणून सराव थांबतो. मेंदूला बसलेल्या लहान लहान हादऱ्यांची खूण त्वचेवर उमटत नाही. हेडगार्डमुळे तर ती खूण उमटण्याची उरलीसुरली शक्यताही कमी होते.

निष्कर्ष

१. ‘आघातशोषण’ हा शब्द बलविभाजन, कालवृद्धी आणि ऊर्जाव्यय या तीन भिन्न क्रियांसाठी सरसकट वापरला जातो. साधनाची निवड करताना कोणती क्रिया अभिप्रेत आहे, हे विचारले पाहिजे.

२. हातपाय, दात आणि जननेंद्रिय यांच्या संरक्षणात साधने विश्वासार्ह आहेत. मेंदूच्या संरक्षणात ती साहाय्यक आहेत, पुरेशी नाहीत.

३. विद्यमान मानके खरेदीसाठी उपयुक्त आहेत. परंतु वापरातील साधनाची अवस्था, मापाचा अचूकपणा आणि लाथेचा वेग यांची हमी त्यांतून मिळत नाही. जिमखान्यातील साधनांची नियमित तपासणी आणि दबलेल्या साधनांची निवृत्ती ही संस्थेची जबाबदारी ठरते.

४. साधन वाढले की आघाताचा जोरही वाढतो, असा इतिहासाचा अनुभव आहे. म्हणून सरावातील डोक्यावरील संपर्काची तीव्रता आणि संख्या यांवर प्रशिक्षकाने मर्यादा घालणे, हे जाड हेडगार्ड विकत घेण्यापेक्षा अधिक परिणामकारक पाऊल आहे.

५. डोक्याला मार लागून भोवळ, गोंधळ, मळमळ किंवा विस्मरण जाणवलेल्या विद्यार्थ्याला त्या दिवशी पुन्हा लढतीत उतरवू नये आणि वैद्यकीय तपासणीनंतरच टप्प्याटप्प्याने परत आणावे. त्याने हेडगार्ड घातला होता की नाही, हा प्रश्न त्या निर्णयाच्या वेळी गौण आहे.

साधनांच्या खरेदीची पावती हा सुरक्षिततेचा पुरावा मानण्याची प्रथा शिक्षणसंस्थांमध्ये सहज रूढ होते, कारण पावती फाइलला लावता येते. संयम, देखरेख आणि वेळीच सराव थांबवण्याचा अधिकार यांची पावती मिळत नाही. विद्यार्थ्याच्या मेंदूचे रक्षण मात्र मुख्यतः त्यांच्यावरच अवलंबून राहते.